ढग येतात आणि जातात म्हणे! मंत्रीसाहेबांना खुलं पत्र

मा. मंत्रीसाहेब,
स.न.वि.वि.

परवा आमच्या तासगाव भागात येऊन गेलात. स्टेजवरून म्हणालात, ढग काय, येतात आणि जातात, द्राक्षवाल्यांनी एवढं मनावर घेऊ नये. टाळ्या पडल्या. त्यात द्राक्षवाले किती होते ते कार्यकर्त्यांना विचारा. गेल्या साली तुम्हीच शब्द दिलावता की फळपीक विम्यात ढगाळ हवामान धरायला लावतो, त्याचं काय झालं?

ऑक्टोबर छाटणी केली, बाग फुलोऱ्यात आली आणि आभाळ जे भरलं ते हटेना. पाऊस म्हणाल तर नुसती भुरभुर. पानावर तेलकट डाग, पान उलटं केलं की पांढरी बुरशी, द्राक्षावरचा डावणी रोगच तो, बघता बघता घड कुजून गळायला लागले. मध्यरात्री उठून ब्लोअरनं औषध मारलंय साहेब, औषधाची उधारी अजून फिटली नाही, बायकोनं भिशी उचलून दिली, एकरी तीन-साडेतीन लाख तर सहज गेले असतील. आणि विमा कंपनी म्हणते, तुमच्या महसूल मंडळात पाऊस विम्याच्या मापात बसत नाही. डावणीला ते माप कुणी सांगितलं नसावं, ती पानावरच्या ओलीवरच वाढते.

आता तुमच्या येतात-जातातबद्दल. हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर जग किती तापेल, याला शास्त्रज्ञांनी १९७९ ला उत्तर दिलं दीड ते साडेचार अंश, आणि २०१३ च्या आयपीसीसी, म्हणजे हवामान बदलावरच्या जागतिक समितीच्या अहवालातही तेच दीड ते साडेचार! एवढी वर्षं घोडं अडलं त्याचं मोठं कारण हेच ढग. समुद्रावरचे खालचे जाड ढग ऊन परत पाठवतात, लई उंचावरचे पातळ ढग जमिनीची उष्णता कोंडून धरतात. तापमान वाढलं की समुद्रावरचे ते खालचे ढग बऱ्याच ठिकाणी विरळ होतात, मग ऊन जास्त आत येतं आणि अजून तापतं. २०२१ च्या अहवालात आकडा अडीच ते चारवर आला, म्हणजे ढग आपल्याला वाचवतील ही आशा जवळपास संपली. (विरळ व्हायचे ते समुद्रावर, आमच्या बागेवर मात्र ऐन फुलोऱ्यात मुक्कामाला. नशीब!)

हे कळायला अमेरिकेला जायला नको, शेजारी महाबळेश्वरला पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेची ढगांची प्रयोगशाळा २०१२ पासून आहे. तिथली माणसं ढगातला थेंब न् थेंब मोजतात, आणि खाली आमच्या मंडळात कागदावर ढगच नाही. पैसा नाही म्हणू नका. कृत्रिम पावसाला २००३ ला विमानं उडवली, २०१५ ला उडवली, २०१९ च्या ऑगस्टात तुमची विमानं मराठवाड्यात पाऊस पाडायला निघाली तेव्हा आमची सांगली महापुरात होती. सरकार कुठलंही येवो, ढग दिसला की टेंडर दिसतं, शेतकरी दिसतो तो मतदानालाच. तलाठ्यापासून मंत्रालयापर्यंत सगळे एकच विचारतात, पंचनामा आहे का? ओल्या पानाचा पंचनामा कोण करतो हो?

मागणी साधी आहे. मंडळातल्या केंद्रावर पान किती तास ओलं राहिलं ते मोजा, ढगाळ दिवस मोजा, आणि विम्याच्या अटीत दोन्ही घाला. कर्जमाफी मागत नाही, फोटो तर नकोच. जीआर पुढच्या छाटणीच्या आधी काढा, मार्चएंडला काढून आम्हाला काय उपयोग.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार, ता. तासगाव, जि. सांगली