ड्रेडनॉटच्या तोफा मोजल्या, इंजिनघर राहिले

संपादक महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत ‘ड्रेडनॉट’ या ब्रिटिश युद्धनौकेवरचा लेख वाचला. गोदीत ३४ वर्षे टर्बाइन फिटर म्हणून काढली, त्यामुळे असला मजकूर दिसला की माझा चहा गार होतो. लेख रंगलाय, पण दोन चुका आहेत. दहाच्या दहा तोफा एका बाजूला डागता येत नसत. पाच बुरुजांपैकी (बुरुज म्हणजे दोन-दोन तोफांचे फिरते घर) दोन कडेला होते, एक डावीकडे, एक उजवीकडे. म्हणून एका वेळी आठच. आणि पहिल्या महायुद्धातल्या १९१६ च्या जटलंडच्या आरमारी लढाईत ती नव्हतीच, तेव्हा डागडुजीला उभी होती. त्याआधी १८ मार्च १९१५ ला तिने यू-२९ ही जर्मन पाणबुडी सरळ धडक देऊन बुडवली. बारा इंची तोफांचे जहाज, आणि कामी आले नाक!

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. अख्ख्या पानात इंजिनघराला एकच ओळ: ‘तिला वाफेची टर्बाइन होती.’ अहो, सगळी गंमत तिथेच आहे. तोवरच्या मोठ्या युद्धनौकांत दट्ट्यांची (पिस्टनची) इंजिने असत. पूर्ण वेगात तेल-पाणी अंगावर उडे, बेअरिंग तापले की पाण्याचा पाइप सोडायचा, आणि असे फार वेळ रेटले की काहीतरी तुटायचेच. टर्बाइनमध्ये वाफेच्या जोरावर नुसते फिरणे. वरचे कव्हर उचलले की पात्यांच्या रांगाच रांगा दिसतात. पात्याचे टोक आणि कव्हर यांत जेमतेम पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट. ती फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तपासताना आमचे मेस्त्री कुणाला बोलू देत नसत.

१९०५ साली एवढ्या मोठ्या जहाजात हे बसवणे म्हणजे धाडसच. वाफेच्या टर्बाइनचे जनक पार्सन्स यांची छोटी बोट ‘टर्बिनिया’ १८९७ मध्ये आरमाराच्या संचलनात ३४ नॉट (ताशी सुमारे ६३ किलोमीटर) पळाली होती हे खरे; पण ‘व्हायपर’ आणि ‘कोब्रा’ या टर्बाइनच्या दोन विनाशिका १९०१ मध्ये दीड महिन्याच्या अंतराने नष्ट झाल्या होत्या. दोष टर्बाइनचा नव्हता, पण लोकांची तोंडे कोण धरणार? तरी ब्रिटिश आरमाराचे प्रमुख फिशर हटले नाहीत. २३ हजार अश्वशक्ती, पंखे फिरवणारे चार दांडे, २१ नॉट. १९०७ मध्ये त्रिनिदादहून पोर्ट्समथपर्यंत ती सरासरी १७ नॉटने आली. तेव्हाच्या इंजिनवाल्यांना तोफांपेक्षा या बातमीने झोप आली नसेल.

खोटही होती. गिअर नव्हते, टर्बाइन थेट दांड्याला. टर्बाइनला जोरात फिरायचे असते, पाण्यातल्या पंख्याला सावकाश. दोघांची मर्जी राखायची म्हणजे दोघेही नाराज. शिवाय टर्बाइन उलटे फिरत नाही, म्हणून मागे जायला वेगळे टर्बाइन.

आणि ती डोलकाठी! होड्या उचलायचा डेरिक (यारी) तिलाच टांगता यावा म्हणून ती पुढच्या धुराड्याच्या मागे उभारली. तोफांचा नेम बघणारा माणूस वर बसायचा तो धुरात आणि गरम वाफाऱ्यात. गोदीतल्या कुठल्याही पोऱ्याने सांगितले असते. लगेच पुढच्या जहाजांत ही चूक सुधारली, आणि ‘कोलोसस’, ‘ओरायन’ बांधताना पुन्हा केली.

१९०५ च्या २ ऑक्टोबरला कणा टाकला, १९०६ च्या ३ ऑक्टोबरला चाचण्या, याचे तुम्ही फार कौतुक केलेत. त्यासाठी ‘लॉर्ड नेल्सन’ आणि ‘ॲगामेम्नॉन’ या दोन जहाजांचे तोफांचे बुरुज हिला वळवले होते, हेही छापा. गोदीत याला आम्ही काय म्हणतो ते मात्र छापण्याजोगे नाही.

आपल्या जुन्या ‘विक्रांत’लाही पार्सन्सचीच टर्बाइन होती, पण गिअरवाली. ड्रेडनॉट १९२३ मध्ये स्कॉटलंडात मोडली. विक्रांतला २०१४ मध्ये मुंबईच्या दारूखान्यात, जहाजे मोडतात तिथे, तोडायला घेतले तेव्हा मी रे रोडला उतरून तिथपर्यंत गेलो होतो. आत सोडले नाही. गॅस कटरचा वास तेवढा बाहेर येत होता.

पुढच्या पुरवणीत तोफेऐवजी एखाद्या इंजिनघराचे चित्र टाकाल का?

आपला,
एक निवृत्त टर्बाइन फिटर, डोंबिवली (पूर्व)