कोळंबीचाही भाव छापा

महोदय,

आपल्या दैनिकात वाशीतला हापूसचा आणि लासलगावच्या कांद्याचा भाव रोज येतो. कोळंबीचा कधीच दिसत नाही. जैतापूर खाडीच्या खाजणात आमची दोन तळी आहेत आणि हिशेबाची वही माझ्याकडे असते, म्हणून लिहिते.

गेल्या मोसमात पहाटे तीनला काढणी धरली. अमावास्या टाळली होती, कारण तेव्हा कोळंबी कात टाकते आणि मऊ कवचाचा माल बाजूला काढतात. बांधावरच बर्फाच्या पाण्यात माल टाकला. मग व्यापाऱ्याच्या माणसाने काउंट काढला, म्हणजे किलोत किती नग ते पाहिले. मी स्वतः मोजले, ३८ भरले. त्याने दुसऱ्या क्रेटच्या तळातून किलोभर उचलले, त्यात ४३. चिठ्ठीवर ४२ लिहिले. नग वाढले की भाव उतरतो. किलोमागे १२ रुपये गेले. माल २,२०० किलो, म्हणजे २६,४०० रुपये. भांडणार कशी? कांदा घरी परत नेता येतो. पाण्याबाहेर काढलेली कोळंबी बर्फ वितळायच्या आत गाडीत चढवावीच लागते.

खर्चाचा निम्म्याहून अधिक वाटा खाद्याचा. तेही उधारीवर, आणि बऱ्याचदा खाद्यवालाच गिऱ्हाईक आणून देतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने कोळंबीसह भारतातून येणाऱ्या मालावरचे आयात शुल्क ५० टक्क्यांवर नेले. भाव पडणार हे आम्हालाही कळत होते, पण किती पडला हे फोनवर सांगणारा माणूस तोच, जो माल घेणार! आंध्रातल्या भीमवरमकडचे कोळंबीचे दर व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. ते दाखवले की ‘तिकडे कारखाने जवळ आहेत’ म्हणून बोळवण होते.

राज्याने २०२५ मध्येच मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. मग बाजारभावाच्या रकान्यात आम्हाला चार ओळी मिळाव्यात. ३०, ४०, ५० आणि ६० काउंटचा कोकणातला बांधावरचा भाव, आठवड्यातून एकदा छापला तरी चालेल. आणि मत्स्यव्यवसाय विभागाने एवढा नियम करावा, की काउंटसाठी क्रेटच्या वरून, मधून आणि तळातून असे तीन नमुने दोघांसमोर मोजायचे.

आमची पुढची काढणी मेच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. त्याआधी रकाना सुरू झाला, तर चिठ्ठीवर सही करताना माझ्या हातात आपला अंक असेल.

– एक कोळंबी उत्पादक, ता. राजापूर, जि. रत्नागिरी