'नुसता टाइमपास चाललाय' म्हणण्याआधी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मूल तीन वर्षांचं झालं की सगळ्यांचा पहिला प्रश्न, लिहायला लागलं का? आणि ते जमिनीवर बसून काहीतरी खेळत असलं की आपण म्हणतो 'नुसता टाइमपास चाललाय'. हे वाक्य ऐकलं की मला खरंच त्रास होतो म्हणून लिहितेय, कारण त्या वयात जे काय शिकायचं असतं त्यातलं बहुतेक याच टाइमपासमधून आत जातं.

डॉक्टर-डॉक्टर खेळणारी चार वर्षांची दोन मुलं जरा लांबून बघा. एरवी दोन मिनिटं एका जागी न बसणारं पोरगं पेशंट झालं की डोळे मिटून गप पडून राहतं, कारण पेशंट हलत नसतो, हे त्याने स्वतःच ठरवलेलं असतं. मग भांडण, 'मघाशी तू डॉक्टर होतीस, आता मी', रुसणं, पुन्हा तडजोड. मनाला आवर घालणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं, समोरच्याला पटेल असं बोलणं, सगळं त्या अर्ध्या तासात होतं आणि कोणी शिकवत नसतं. वायगॉट्स्की नावाच्या रशियन मानसशास्त्रज्ञाने 1933 मध्येच म्हणून ठेवलंय की खेळताना मूल स्वतःपेक्षा डोकंभर उंच असतं. मला तर हे अगदी डोळ्यांनी दिसतं.

आणि लिहिण्याचंच म्हणाल तर मनगटातली आठ हाडं जन्माला येताना नुसती कूर्चा असतात, ती एकेक करून पुढची कित्येक वर्षं घट्ट होत जातात. त्या हाताला माती मळू दे, कागद फाडू दे, मणी ओवू दे, पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतू दे, बोटांत ताकद आली की पेन्सिल नीट धरता येते. आपण मात्र आधीच ओळीत अक्षरं गिरवायला बसवतो आणि मग 'याला अभ्यासाचा कंटाळाच आहे' म्हणून मोकळे होतो!

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये स्पष्ट सांगितलंय, तीन-चार वर्षांच्या मुलाची दिवसभरात मिळून किमान 180 मिनिटं हालचाल व्हायला हवी, त्यातली 60 मिनिटं चांगली धावपळीची, आणि स्क्रीन फार तर 1 तास, कमी असेल तर उत्तमच. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2018 मध्ये आपल्या डॉक्टरांना सांगितलं की लहान मुलांना 'खेळ' प्रिस्क्रिप्शनवर लिहून द्या. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात तर 1989 पासून कलम 31 मध्ये खेळण्याचा हक्कच आहे.

पण खेळ म्हणजे क्लास नाही हो. 'लाल ठोकळा इकडे ठेव, असं नाही तसं' करत मोठ्यांनी चालवलेला खेळ मुलाचा राहतच नाही. बटण दाबलं की सगळं आपोआप करणारी महागडी खेळणी पण मला त्यातलीच वाटतात, मुलाला करायला उरतंच काय? आपण जवळ असावं, बोलावलं तर खेळावं, एरवी मधे पडू नये.

पालकांना एकच विनंती, ॲडमिशनच्या वेळी 'एबीसीडी कधी शिकवता' विचारण्याआधी 'मुलांना मनासारखं खेळायला रोज किती वेळ देता' हे विचारा, आणि उत्तर गोलमोल आलं तर दुसरी शाळा बघा.

आपली,
एक वाचक