घाटातली शर्यत बंद नव्हती

महोदय,

रविवारच्या पुरवणीत मोटार शर्यतींवर लेख आला. त्यात 'स्वित्झर्लंडने १९५५ नंतर शर्यतींवर बंदी घातली' असं सरसकट लिहिलं आहे. ते अर्धंच खरं. फ्रान्समधल्या ले मांच्या शर्यतीत त्या वर्षी गाडी प्रेक्षकांत घुसून ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्यानंतर स्वित्झर्लंडमध्ये बंदी आली ती गोल ट्रॅकवरच्या शर्यतींवर. घाट चढायच्या शर्यतीत एकेक गाडी सुटते, झुंज घड्याळाशी असते. त्या चालूच राहिल्या.

मी एसटीचा निवृत्त चालक, बरीच वर्षं वरंधा घाटात गाडी चालवली. लेक झ्युरिकला असते, तिच्याबरोबर लिंथालहून क्लाउझन खिंडीत गेलो. पोस्टाची पिवळी बस होती. आंधळं वळण आलं की चालक तीन सुरांचा हॉर्न द्यायचा. मी मागच्याच सीटवर बसलो होतो, प्रत्येक वळणाला माझा पाय आपोआप दाबला जायचा.

याच रस्त्यावर, बंदीच्या बऱ्याच आधी, १९२२ ते १९३४ या काळात दहा वेळा शर्यत झाली. अंतर २१.५ किमी, वळणं १३६ आणि चढ बाराशे मीटरच्या वर. डांबर नव्हतं, सगळी खडी. मधे उर्नरबोडेनचं सपाट कुरण लागतं. तिथे गाडी सुसाट सोडायची आणि पुढे लगेच पुन्हा चढाच्या वळणांत शिरायचं. वेगाला सरावलेली नजर त्या पहिल्या वळणाला फसते, हे घाटात गाडी चालवणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही.

१९३४ला जर्मन शर्यतपटू रुडॉल्फ कारात्सिओलाने मर्सिडीज १५ मिनिटं २२.२ सेकंदांत वर नेली. म्हणजे ताशी सरासरी ८४ किमीच्या आसपास, तेही खडीवर! ऑटो युनियन या दुसऱ्या जर्मन कंपनीचा हान्स श्टुक जेमतेम तीनेक सेकंदांनी मागे राहिला. आदल्या वर्षी मोनॅकोला झालेल्या अपघातात कारात्सिओलाच्या मांडीचं हाड मोडलं होतं, तो पाय आखूड राहिला. १९३४च्या फेब्रुवारीत त्याची पत्नी हिमस्खलनात गेली. ऑगस्टमध्ये हा माणूस दुखऱ्या पायाने पेडल दाबत १३६ वळणं चढला.

उर्नरबोडेनला बस थांबली तेव्हा मी खाली उतरलो. गाईंच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या. पुढे डोंगरात शिरणाऱ्या रस्त्याकडे बस सुटेपर्यंत बघत राहिलो.

येत्या रविवारी दुरुस्ती छापावी, आणि तीत कारात्सिओलाचं नाव यावं, ही विनंती.

– एक निवृत्त एसटी चालक, भोर