खाडीचा बांध मातीचाच राहू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खारबंदिस्तीच्या बांधावर काँक्रीटचा रस्ता करा, म्हणजे पर्यटक येतील, अशी मागणी आमच्याकडे सध्या जोरात आहे. मी एसटीत चालक होतो. निवृत्तीनंतर एक जुनी जीप घेतली आणि याच बांधावरून ती नेतो-आणतो, म्हणून हे पत्र. गावाचं नाव मुद्दाम देत नाही; शनिवार-रविवारी तिथे गाड्यांची रांग मला नको.

वाट सोपी आहे. दिवाळीनंतर माती आवळली की साधी गाडीही जाते, फोर बाय फोरची मिजास लागत नाही. दुसरा गिअर, ब्रेकवर हलका पाय, बस्स. समोरून कोणी आलंच तर मागे कोणी घ्यायची यावर थोडी बाचाबाची होते, तेवढीच अडचण. एका अंगाला भाताचे कुणगे, दुसऱ्या अंगाला दाट कांदळवन. पांढऱ्या चिप्पीच्या फांद्या खिडकीला घासतात (हिला २०२० साली राज्याचा कांदळवृक्ष केलं, हे गावात फारसं कोणाला ठाऊक नाही). माझ्या बायकोचे गुडघे गेलेत, होडीत चढता येत नाही; तिने हे रान पाहिलं ते जीपमध्ये बसूनच. त्यामुळे गाड्यांना सरसकट बंदी घाला म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही.

पण बांध घातलाय तो खारं पाणी अडवायला. उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या मोरीची, दारं भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडतात. पावसाळ्यात वरून गाडी घातली की चाकोऱ्या पडतात, त्यांत पाणी साचून आत मुरतं. कुर्ल्यांची बिळं तर असतातच. मग श्रावणातल्या उधाणाला बांध फुटून खांड पडते आणि लावलेलं भात हातचं जातं. काँक्रीट केलं तर दरवर्षी वर माती ओढून डागडुजी कशी करणार? खालचा चिखल खचला की वरची लादी पोकळ राहणार, आणि पाणी कुठून शिरलं ते दिसणारही नाही. शिवाय कांदळवनापासून ५० मीटरच्या आत बांधकाम नको, असा उच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे.

दुसरा ताप फोटोवाल्यांचा. ओहोटीला चिखल सुकल्यासारखा दिसतो, म्हणून बांधावरून गाडी खाली उतरवतात. तिवराची (हेही कांदळवनातलंच झाड) मुळं श्वासासाठी चिखलातून वर आलेली असतात, ती चाकाखाली मोडतात. गाडी रुतते ती वेगळीच. शेतातून कोणीतरी ओरडत असतं, "खंय चललास? पाणी चढता हा!" तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, चतुर्थीला तीन वाजता. एवढा हिशेब आमच्याकडे पोरांनाही येतो. पाहुण्यांसाठी तो बांधाच्या तोंडाशी पाटीवर लिहावा.

मागणी मोठी नाही. जूनपासून दिवाळीपर्यंत बांधाच्या दोन्ही टोकांना साखळी लावा आणि किल्ली उघाडी सांभाळणाऱ्या शेतकऱ्याकडे ठेवा. बाकीच्या दिवसांत हलक्याच गाड्या सोडा. डंपर आणि मिनीबस नकोत. गाडी वळवायला दोन्ही टोकांना कोरड्या जागेवर मोकळीक ठेवा. काँक्रीटसाठी पैसे असतीलच, तर आधी उघाडीची गंजलेली दारं बदला.

आपला,
एक निवृत्त एसटी चालक, ता. मालवण