आडात उतरणारी नावं

परभणी,
रविवार, रात्री

प्रिय दत्ता,

तुझ्या भीतीच्या लघुपटाचा पहिला कट, म्हणजे कच्चं संकलन, दोनदा बघितला. आडाची गोष्ट काळजाला भिडली. पण सुरुवातीला काळ्या पडद्यावर तू नुसती नावं, म्हणजे टायटल्स, पळवलीस, ते काही माझ्या मनातून जाईना. फोनवर तू 'बरं बरं' म्हणून विषय बदलतोस, म्हणून लिहायलोय.

नावांचा वेळ म्हणजे लोकांनी खुर्चीत टेकेपर्यंतचा वेळ नाही रे. गोष्ट अजून कुणालाच ठाऊक नसते, त्यामुळे माणूस कशालाही घाबरायला तयार असतो. एकदा गोष्ट सुरू झाली की त्याची भीती त्या गोष्टीपुरतीच उरते.

१९६० चा 'सायको' सिनेमा आठव. सॉल बास यांनी केलेल्या त्या टायटल्समध्ये रक्त नाही, सुरा नाही, माणूससुद्धा नाही. नुसत्या पट्ट्या सरकत येतात. अक्षरं मधोमध चिरतात, अर्धी इकडे, अर्धी तिकडे. क्षणभर जुळून नाव वाचता येतं, तोवर पुन्हा फुटतात. बर्नार्ड हर्मन यांनी त्या सिनेमाचं सगळं संगीत फक्त तंतुवाद्यांवर केलं. काल मी आवाज बंद करून ते बघितलं, तर पट्ट्या नुसत्या पट्ट्याच राहिल्या. मग डोळे मिटून ऐकलं. छाती धडधडायला लागली, पण धडधड कशाला चिकटवावी ते कळेना. दोन्ही एकत्र आल्यावर मात्र ते चिरलेलं नाव बघताना अंग आखडलं.

१९९५ च्या 'सेव्हन'मध्ये काइल कूपर यांनी उलटं केलं, सगळं अगदी जवळून दाखवलं. ब्लेडनं बोटाची कातडी खरवडणारे हात, वह्यांची पानं शिवणारी सुई. अक्षरं खरचटून काढल्यासारखी, थरथरणारी. त्या हातांच्या माणसाचा चेहरा कुठंच नाही. खुनी समोर यायला अजून कितीतरी वेळ आहे, पण त्याच्या खोलीत आपण आधीच बसून आलेलो असतो. आणि त्याचं काम करणाऱ्या नटाचं नाव या टायटल्समध्ये ठेवलेलंच नाही. कुठलं नाव दाखवायचं नाही, हेसुद्धा त्यांनी ठरवलं होतं!

अंधारच लागतो असंही नाही. 'द शायनिंग' लख्ख उजेडात सुरू होतो. डोंगर, घाटरस्ता आणि वरून दिसणारी मुंगीएवढी पिवळी गाडी.

आता तुझं. आडाच्या काठावरच्या दगडाला दोरानं पडलेले चर तू मध्येच कुठंतरी दोन सेकंद दाखवलेस. पिढ्यान्‌पिढ्या बायांनी पाणी शेंदून पडलेले चर आहेत ते, बोट आत जाईल इतके खोल. तिथूनच सुरू कर. संगीत नको. पोहरा खाली सोडायचा, कप्पी कुरकुरली की एक नाव. दोर सुटत राहतो, आवाज खोल खोल जातो, दोन नावांमधलं अंतर वाढत जातं. आपल्याकडचा माणूस तिसऱ्या नावापासूनच पाण्याच्या आवाजासाठी कान देऊन बसेल, सांगायची गरजच नाही. शेवटी तुझं नाव येऊ दे. ते पुसलं गेलं की पोहरा तळाच्या दगडावर आपटेल. खण्ण!

तुझ्याकडं कप्पीचा आवाज नीट आलेला नाही, मागून मोटारसायकल ऐकू येते. मामाच्या शेतातल्या आडाची लोखंडी कप्पी अजून चांगली कुरकुरते. येत्या रविवारी पहाटेच जाऊ, वर्दळ नसते तेव्हा. तोवर तिला तेल घालू नका म्हणून मामाला सांगून ठेवलंय.

तुझाच,
सुधीर