गॅस निघाला तरी पालाश पाण्यातच राहतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

डिस्टिलरीच्या स्पेंटवॉशपासून, म्हणजे अल्कोहोल काढल्यावर उरणाऱ्या सांडपाण्यापासून, बायोगॅस काढला की उरलेले पाणी निर्धोक होते आणि ते शेतात हवे तेवढे सोडता येते, असा समज बऱ्याच बातम्यांतून पसरतो. तो दुरुस्त व्हायला हवा. बायोगॅसच्या टाकीतून कमी होतो तो सेंद्रिय भार. पालाश (पोटॅश), सोडियम, क्लोराइड यांतले काहीही वायू होऊन उडत नाही, जेवढे आत गेले तेवढे पाण्याबरोबर बाहेर येते.

मोलॅसिसपासून (उसाच्या मळीपासून) १ लिटर अल्कोहोल काढताना साधारण ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश निघतो. ऊर्ध्वपातन स्तंभाच्या तळातून बाहेर पडताना तो ८०-९० अंश सेल्सिअस तापलेला, सामू (पीएच) ४ ते ४.५, आणि सीओडी (सेंद्रिय भार जाळायला लागणाऱ्या ऑक्सिजनचे माप) लिटरला १ लाख मिलिग्रॅमच्या आसपास. एवढा भार सोसणारे जिवाणू आहेत, फक्त त्यांची बडदास्त ठेवावी लागते. आधी यीस्टचा गाळ बसवून काढायचा, मग पाणी ३७-३८ अंशांपर्यंत थंड करायचे. आम्लता मारण्यासाठी चुना टाकण्याचा मोह टाळावा, कारण कॅल्शियमचे क्षार टाकीच्या तळाशी बसतात आणि टाकीची कामाची जागा खातात. टाकीतून बाहेर पडणाऱ्या, सामू ७.२ च्या वर असलेल्या पाण्याचाच काही भाग परत फिरवून ताज्या स्पेंटवॉशमध्ये मिसळला तर बहुतेक वेळा तेवढे पुरते. मिसळताना कार्बन डायऑक्साइड सुटून फेस येतो, म्हणून त्या टाकीत वर मोकळी जागा ठेवलेली असावी.

ढवळणी असलेल्या साध्या टाकीत घनमीटरला रोज अडीच ते चार किलो सीओडी, यापलीकडे जाऊ नये. सीओडीचा ६०-७० टक्के भाग इथे निघतो आणि निघालेल्या किलोमागे जवळजवळ अर्धा घनमीटर गॅस मिळतो. म्हणजे १ घनमीटर स्पेंटवॉशमागे ३० घनमीटरच्या आसपास.

टाकी बिघडते ती बहुधा बंदनंतर. प्लांट आठवडाभर थांबतो, टाकी थंड पडते, आणि सुरू झाल्यावर पहिल्याच दिवशी पूर्ण क्षमतेने भरणा होतो. आम्ल तयार करणारे जिवाणू लगेच जोमात येतात, मिथेन तयार करणारे मात्र संथपणे वाढतात. मधल्या काळात आम्ल साचत जाते. सामू पडलेला दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, म्हणून लक्ष ठेवायचे ते उडनशील आम्ले आणि क्षारता (पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद) यांच्या गुणोत्तरावर. ते ०.३ च्या आत असेल तर ठीक. ०.४ ओलांडले की भरणा निम्म्यावर आणावा, आणि तरी चढत राहिले तर पूर्ण थांबवावा. बंदनंतरचा भरणाही एकचतुर्थांशापासून सुरू करून दोन-तीन आठवड्यांत वाढवत न्यावा.

दुसरी डोकेदुखी गंधकाची. स्पेंटवॉशमधल्या सल्फेटचे टाकीत हायड्रोजन सल्फाइड होते आणि कच्च्या गॅसमध्ये ते २ ते ४ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. स्क्रबरमधून (गॅस धुऊन शुद्ध करणाऱ्या यंत्रातून) न काढता असा गॅस इंजिनाला दिला तर वंगण आम्लट होते, बेअरिंगे खाल्ली जातात. माणसाला तर तो प्राणघातक आहे. सडक्या अंड्यासारखा वास १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास नाकाला कळेनासा होतो, त्यामुळे वास थांबला म्हणून खड्ड्यात उतरणाऱ्याचा जीव जातो. मोजणी-यंत्राविना आणि वर दुसरा माणूस दोरी धरून उभा असल्याशिवाय कोणीही उतरू नये.

गॅस काढल्यावरही पाणी काळपट तपकिरीच दिसते, कारण रंग देणारी मेलॅनॉइडिन्स जिवाणूंना सहजी पचत नाहीत. त्यामुळे नुसत्या नजरेने कच्चा आणि प्रक्रिया केलेला स्पेंटवॉश ओळखता येत नाही. बांधावर सर्वांत सोपी परीक्षा सामूच्या कागदाची: ४ च्या जवळ दाखवले तर टँकरमध्ये कच्चे पाणी आहे, ते परत पाठवावे. प्रक्रिया केलेले ७ च्या वर दाखवते.

आता मात्रेचे गणित. प्रक्रिया झालेल्या १ घनमीटर पाण्यात साधारण १० किलो पालाश असतो. १० घनमीटरच्या एका टँकरमधून १०० किलो, म्हणजे म्युरेट ऑफ पोटॅशची तीनहून जास्त ५० किलोची पोती. ऊस एका तोडणीत हेक्टरी १८५ किलोच्या आसपास पालाश उचलतो असे ब्राझीलमधल्या साओ पाउलो राज्याच्या नियमात धरले आहे. मातीच्या धनायन विनिमय क्षमतेच्या (पालाश, कॅल्शियमसारखी अन्नद्रव्ये धरून ठेवण्याच्या ताकदीच्या) ५ टक्क्यांवर पालाश गेला की पुढे फक्त पीक उचलेल तेवढाच द्यायचा, असा तो नियम आहे. त्या हिशेबाने हेक्टरी दोन टँकर पुरे. प्रत्यक्षात एकेका हेक्टरात दहा-पंधरा टँकर रिकामे होतात, आणि त्याला खत म्हणणे चूक आहे.

२० घनमीटर पाणी हेक्टरभर पसरले तर थर होतो जेमतेम २ मिलिमीटरचा. बांधावर कॉक उघडून दिल्यास कोपऱ्यात तो २० मिलिमीटर होतो आणि शेताचा उरलेला भाग कोरडा राहतो. त्या कोपऱ्यात वाळल्यावर चकचकीत काळी पापडी धरते, खाली हवा जात नाही आणि उगवण जळते. उभ्या पिकाला द्यायचे तर पाटाच्या पाण्यातूनच द्यावे. ५० मिलिमीटरची एक पाळी म्हणजे हेक्टरी ५०० घनमीटर. त्यात हे २० घनमीटर म्हणजे पंचवीस पट विरळ, आणि मूळची विद्युत वाहकता (पाण्यातल्या क्षारांचे माप) मीटरला ३० डेसिसायमन असेल तर पाटाच्या पाण्यात भर पडते १.२ ची. पाटाचे पाणी आधीच खारट असेल किंवा जमीन चिबड, चोपण असेल तर तेवढीही भर घालू नये. मोकळ्या रानात देताना टँकरमागे पसरणारी पट्टी लावावी, लगेच नांगरट किंवा कुळवाची पाळी घालावी आणि पेरणीआधी ४०-६० दिवस रान तसेच ठेवावे. नांगरट लांबवली तर अमोनिया हवेत जाऊन नत्रही वाया जातो. स्फुरद या पाण्यात नगण्य असतो, तो वेगळा द्यावाच लागतो.

पालाश मर्यादेपलीकडे साचला की पीक मॅग्नेशियम उचलेनासे होते, जुन्या पानांच्या शिरांमधला भाग पिवळा पडतो. शेतकरी त्याला नत्राची कमतरता समजून युरिया टाकतो, पाने पिवळीच राहतात. जास्तीचे क्षार पावसात झिरपून विहिरीत उतरतात, आणि एकदा रंगलेली विहीर वर्षानुवर्षे निवळत नाही.

म्हणून आमची मागणी एवढीच: प्रत्येक टँकरबरोबर त्या आठवड्याच्या तपासणीची चिठ्ठी सक्तीची करावी. तिच्यावर सामू, विद्युत वाहकता, घनमीटरला किती किलो पालाश आणि किती नत्र हे आकडे असावेत, आणि त्याच गटाला त्या वर्षात याआधी किती टँकर गेले तेही लिहिलेले असावे. माती परीक्षणाचा अहवाल नसलेल्या गटाला पाणी देऊच नये.

आपले नम्र,
सांडपाणी प्रक्रिया व मृदा परीक्षणात काम करणारे काही तंत्रज्ञ